साहेबांच्या तोंडी घातलेलं वाक्य

टिपणताईचा धाकटा भाऊ जाऊन अकरा महिने झाले होते. कारखान्यातून बिघडलेली दारू बाहेर पडली, ती पिऊन आधी त्याचे डोळे गेले आणि तिसऱ्या दिवशी तोही गेला. चौकशीत कारखान्याचा मालक हात झटकून मोकळा झाला. जिना उतरताना ताईला म्हणाला, "आम्ही काही कुणाच्या तोंडात ओतायला जात नाही, ताई." ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं.

टिपणताई हे नाव तिला कचेरीने दिलेलं. बावीस वर्षं तिने साहेबांची भाषणं शॉर्टहँडमध्ये टिपून घेतली होती. साहेब म्हणजे शहराचे जुने पुढारी. ते वारले, तरी त्यांच्या शब्दाला अजून वजन होतं. म्हणूनच दारूबंदीचं मतदान जवळ येताच मालकाने जागोजागी पत्रकं चिकटवली: ‘बंदीने माणूस सुधारत नाही, नुसता लपून प्यायला लागतो. – साहेब.’

बंदीवाले धापा टाकत ताईकडे आले. "हे खोटं आहे ना हो?"

"वही बघून सांगते," ती म्हणाली.

वही बघितली. साहेब अगदी तसंच बोलले होते, एका शब्दाचाही फरक नव्हता. पण तिच्या त्या स्वतः बनवलेल्या किड्यामुंग्यांसारख्या खुणा तिच्याखेरीज कुणालाच लागत नव्हत्या. तिने वही मिटली. मग बंदीवाल्यांना निरोप धाडला, "सभेत वाचून दाखवते."

सभागृह खच्चून भरलं होतं. मालक पहिल्याच रांगेत, पायावर पाय टाकून. ताईने चष्मा चढवला आणि पत्रकातलं वाक्य वाचलं. मालकाने खुशीत मान डोलावली.

"साहेब पुढे म्हणाले," कोऱ्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "‘असं दारू गाळणारे तुम्हाला सांगतील. ज्याने दुसऱ्यांच्या डोळ्यांत अंधार घालून आपल्या घरात दिवे लावले, त्याला या शहरात थारा देऊ नका.’"

सभागृह उठून उभं राहिलं. मग टाळ्यांचा पाऊस.

बाहेर पडताना मालकाने तिला गाठलं. चेहरा पांढराफटक. "त्या भाषणाला मी हजर होतो. साहेब हे बोलले नव्हते."

"नव्हतेच," ताई शांतपणे म्हणाली. "सांगा ना सगळ्यांना. मी कुठे तुमचं तोंड धरलंय?"

त्याने सांगून पाहिलं. छापलंही. लोक तोंडावर हसले. बंदीच्या बाजूने भरभरून मतं पडली, कारखान्याला टाळं लागलं आणि एका दुपारी मालकाचं बिऱ्हाड ट्रकमध्ये चढलं. ताई मुद्दाम कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. ट्रक दिसेनासा होईपर्यंत तिने डोळे भरून पाहून घेतलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुढे ते वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं. ऐकून साहेबांची मुलगी मुद्दाम आली.

"बाबा घरी कधी कुणाविरुद्ध उभे राहिले नाहीत, ताई," मुलीचे डोळे भरले होते. "बाहेर तरी उभे राहिले होते, हे तुमच्यामुळे कळलं."

ताईला तिच्याकडे बघवेना. ती रंगाऱ्याकडे वळली आणि ते वाक्य सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगू लागली.