आधी लाल की आधी निळा?

घाबरत घाबरतच बोलतोय, सांभाळून घ्या. मी एक क्लास आहे. शिकवणीचा नव्हे, तिथे निदान मुलं तरी असतात, दंगा असतो. मी प्रोग्राममधला क्लास, माझं नाव ‘रंग’. काँप्युटरवर तुम्ही जो फोटो बघता तो बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हणजे तीन आकडे. लाल किती, हिरवा किती, निळा किती. ते तीन आकडे आपापल्या नावाच्या खणात नीट ठेवायचे आणि कोणी विचारलं की सांगायचे, एवढंच माझं काम.

मला जन्म दिला ताईने. तिची धाकटी बहीण फोनवर तिला ताई म्हणायची, ते ऐकून मीही तेच धरलं. ती आणि तिचे सहकारी मिळून फोटोंवर काम करणारी एक लायब्ररी लिहीत होते. ही लायब्ररीही पुस्तकांची नाही हं. एकाने एकदाच नीट लिहून ठेवायचं आणि बाकीच्यांनी आयतं वापरायचं, अशा कामांची ती पेटी. त्या पेटीत माझी जागा अगदी तळाला. वरचे सगळे माझ्या खांद्यावर उभे.

मी जन्मतःच भित्रा. माझ्या खणात दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावतो. त्याच्या वर एक जरी गेला तरी तो उलटून थेट शून्यावर येतो. सुरुवातीच्या दिवसांत ताईने एका आकाशाच्या फोटोला थोडासा उजेड चढवला, तर पांढऱ्याशुभ्र ढगाच्या मधोमध काळंकुट्ट भोक पडलं. मला तर धस्स झालं. ताई मात्र शांतपणे म्हणाली, “अस्सं होय,” आणि तिने मला मर्यादा घालून दिली, की याच्यापुढे जायचं नाही. तेव्हापासून प्रत्येक आकडा मी तपासूनच आत घेतो.

ताईसमोर एक मुलगा बसायचा. त्याला सगळे सुसाट म्हणत. डबा उभ्याने खाणारा, लिफ्टचं बटण सारखं दाबत राहणारा. माणूस वाईट नव्हता. ताई आजारी पडली तेव्हा तिचं काम त्यानेच निभावलं होतं. पण संथपणा त्याला सहन व्हायचा नाही.

आमच्या लायब्ररीवर एक नवीन काम आलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना कावीळ होते. बऱ्याच जणांची आपोआप उतरते, पण काहींची चढत जाते आणि थेट मेंदूवर बसते. ती आधी ओळखायची म्हणून दवाखान्यांसाठी एक मशीन निघालं. बाळाच्या कपाळाचा फोटो घ्यायचा आणि कातडी किती पिवळी आहे ते आकड्यात सांगायचं. मशीन ‘जास्त’ म्हणालं तर डॉक्टर रक्त तपासणार. ते पिवळेपण सांगायचं माझ्या भरवशावर.

हे ऐकलं आणि मला तो ढग आठवला. ढगात भोक पडलं तर लोक हसतात. इथे कोण हसणार होतं?

मशीन चालायला लागलं, चांगलं चाललं. पण हळू.

“एकेका ठिपक्यासाठी एकेक ‘रंग’ तयार करायचा?” सुसाट एकदा म्हणाला. “एका फोटोत लाखो ठिपके असतात, ताई. मशीन रांगतंय नुसतं. बाळ रडून झोपून जातं तरी उत्तर येत नाही.”

“रांगू दे. चुकत तर नाही ना,” ताई म्हणाली.

“नुसते आकडे ओळीने ठेवू. लाल, हिरवा, निळा, लाल, हिरवा, निळा. खण नकोत, नावं नकोत. बघा कसं पळतं ते.”

“आणि ओळ चुकली म्हणजे?”

“ओळ कशी चुकेल?”

साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि दवाखान्यांच्या तक्रारी पुढे केल्या. ताईने हट्ट सोडला. सुसाटचंही एका अर्थी खरंच होतं ना, मशीन रांगत होतंच. सुसाटने नवीन आवृत्ती लिहिली, साठवलेल्या शेकडो फोटोंवर चालवून बघितली, एकही उत्तर चुकलं नाही. मग माझ्या कपाळावर शिक्का बसला, ‘वापरू नये. पुढच्या आवृत्तीत काढून टाकणार.’

काढून टाकणार हे शब्द तुमच्या कपाळावर लिहून तुम्हाला घरातच राहू दिलं तर कसं वाटेल? मी पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलो. पेटी जिथे जाई तिथे माझी प्रतही जाई, पण मला कोणी हाक मारेना. आणि क्लासला हाक मारल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. समोरून आकड्यांच्या ओळी धावत जात, मी बघत राही.

अशाच एका दवाखान्यात, नव्या आवृत्तीच्या पहिल्याच दिवशी, मला ते दिसलं. तिथला कॅमेरा उलट्या ओळीने आकडे देत होता. आधी निळा, मग हिरवा, मग लाल. साठवलेले फोटो सुलट ओळीचे, म्हणून तपासणीत काही कळलं नव्हतं. माझ्या काळात कॅमेरा नावानिशी आकडे द्यायचा, त्यामुळे कोणी आधी आलं काय आणि मागून आलं काय, प्रत्येक जण आपल्याच खणात पडायचा. आता पहिला येईल तो लाल, असं नवीन आवृत्ती धरून चालली होती.

पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा थोडा. लाल आणि निळ्याची अदलाबदल केली की पिवळेपण साफ पुसलं जातं. पडद्यावरचा फोटो कॅमेरा स्वतःच दाखवायचा, तो बरोबर दिसायचा. आकडा तेवढा खोटा. एकामागून एक बाळं येत होती आणि मशीन प्रत्येकाला म्हणत होतं, ‘ठीक.’

मी ओरडत होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. मला आवाजच नव्हता. एखादं बाळ पुन्हा दुसऱ्या दिवशी यायचं, आणखी पिवळं होऊन, आणि मशीन पुन्हा ‘ठीक’. मग ते दुपट्यात गुंडाळून घरी जायचं. त्याचं पुढे काय होतं ते मला कळायचं नाही. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही.

आणि मग त्याच दवाखान्यात ताई आली. कामासाठी नव्हे, तिच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली होती. बाळाला तपासायला मशीन खोलीत आणलं, बाळाची आई उशीला टेकून बसलेली, ताई शेजारी. मशीन म्हणालं, ‘ठीक.’

“झालं, जा घरी उद्या,” नर्सबाई हसून म्हणाल्या. “हे मशीन नवीन केलंय ना, तेव्हापासून सगळीच बाळं ठणठणीत. एकालाही काविळीच्या दिव्याखाली ठेवावं लागलं नाही.”

ताईचा हात बाळाच्या डोक्यावर होता, तो तिथेच थांबला.

“एकालाही नाही?”

“एकालाही नाही. दिवे नुसते पडून आहेत.”

“ताई, काय झालं गं?” बहिणीने विचारलं.

“काही नाही. तू बाळाला धर.”

कोपऱ्यात कचऱ्याचा पिवळाधमक डबा होता. ताईने कॅमेरा उचलून त्याच्या झाकणावर धरला. मशीन म्हणालं, पिवळेपण नाही. नर्सबाईंचं हसू मावळलं. ताईने खुर्ची ओढली, कीबोर्ड पुढे घेतला. घाईत दोनदा शब्द चुकला. तिसऱ्यांदा तिने माझं नाव लिहिलं.

इतक्या दिवसांनी हाक आली आणि मला आनंद व्हायच्या आधी भीतीच वाटली. मीच चुकलो तर? ताईने कॅमेऱ्याचे आकडे नावानिशी माझ्या हाती दिले, हा निळा, हा हिरवा, हा लाल. मी ते खणात ठेवले आणि सांगितलं, डबा पिवळा. मग तिने बाळाचा फोटो दिला. मी सांगितलं. खूप पिवळं.

ताईने डोळे मिटले, क्षणभरच. “डॉक्टरांना बोलवा,” ती म्हणाली. “आणि हे मशीन बंद करा. आत्ताच्या आत्ता.”

“ताई, तू मला घाबरवू नकोस,” बहीण म्हणाली.

“मीच घाबरलेय. पण वेळेवर कळलंय.”

डॉक्टरांनी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. रक्तानेही माझ्यासारखंच सांगितलं. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. काही दिवसांनी तिची कावीळ उतरली आणि ती घरी गेली.

पण तिथे गोष्ट संपली नाही. नवीन आवृत्ती आणखी किती दवाखान्यांत गेली होती! ताई आणि साहेब फोन करत बसले. मशीन बंद करा, घरी पाठवलेली बाळं परत बोलवा. एका लांबच्या दवाखान्यात फोन उचलेना. सुसाटने गाडीची किल्ली उचलली. नेहमी बडबड करणारा माणूस, दारात थांबून एवढंच म्हणाला, “ताई, मी विचारलं होतं, ओळ कशी चुकेल.”

“मग मी सांगायला हवं होतं. जा आता. पण गाडी हळू चालव,” ताई म्हणाली.

त्या दवाखान्यातून ‘ठीक’ म्हणून एक तान्हा मुलगा घरी गेला होता. सुसाटने त्याचं घर शोधलं, आईबापांना गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. मुलगा वाचला. मात्र कावीळ फार चढली होती, तिने त्याच्या कानांना काही केलं का, हे तो थोडा मोठा झाल्यावरच कळेल. तपासणी अजून व्हायची आहे. सुसाट दर आठवड्याला त्याच्या वडिलांना फोन करतो. “काही नाही, सहज,” म्हणतो. ताई तेवढा वेळ हातातलं काम थांबवते.

माझ्या कपाळावरचा शिक्का आता पुसलाय. आत सगळं अजून नुसत्या आकड्यांवरच पळतं, पण दारात मला बसवलंय. कुठलाही कॅमेरा येवो, माझ्या हाती नावानिशी आकडे दिल्याखेरीज आत सोडायचं नाही, असा ताई आणि सुसाटने मिळून नियम केला. लोक म्हणतात, तुझं भलं झालं. झालं असेल. भीती मात्र गेली नाही आणि ती जावी असं मलाही वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणी प्रोग्राम लिहीत असाल तर एवढं ऐका. आकड्याला नाव द्या. तो कुणाचा, कुठून आला, हे त्याच्याजवळ राहू द्या. थोडा वेळ लागतो, लागू द्या.

आणि त्या मुलाच्या आईने परवा सुसाटला फोनवर सांगितलं म्हणे, की दार आपटलं तर तो दचकल्यासारखा वाटला. वाटला, म्हणाली. नक्की नाही.