मंगळवार-शुक्रवारची लाल भिंत

शुक्रवारी सकाळी चिकपेटमागच्या त्या बोळात सायकलसुद्धा शिरेना. चपलांचा ढीग थेट कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपर्यंत पोचला होता. बूथवाला कानडी वळणाच्या मराठीत "स्वल्प सरका हो" म्हणून ओरडत होता आणि लोक सरकायचं सोडून त्यालाच विचारत होते, "आली का? उतरली का देवी?" गणपतीनं दूध प्यायल्याला जेमतेम महिना होत होता. तेव्हा ज्यांना गाभाऱ्यापर्यंत पोचता आलं नव्हतं, त्यांना ही दुसरी संधी घराशेजारीच चालून आली होती.

देवी उतरत होती ती विश्वासरावांच्या देवघराच्या भिंतीतून. दसऱ्याआधी नव्यानं चुना मारलेली, पांढरीफेक भिंत. सकाळी जरा उन्हं वर आली की छताजवळ ओल फुटायची, मग ओघळ सुटायचे आणि तेही लाल, अगदी कुंकू कालवल्यासारखे. वास गोडसर, औषधी. आणि हे सगळं फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी! देवीचेच वार. बाकीच्या दिवशी भिंत आपली नुसती दमट.

"नळ रोज गळतो!" भिंतीपुढे पाटावर बसलेले ज्योतिबा महाराज गर्जत होते. "पाइप रोज गळतो! पण वार पाळून गळतो का? सायन्सला मंगळवार कळतो का हो? शुक्रवार कळतो का? तो कळतो फक्त आईला!"

"आईला!" गर्दी म्हणाली. एका कापडदुकानदारानं डोळे पुसले.

महाराज कुठून आले हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. भिंत लाल झाल्याची बातमी फुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते दारात उभे राहिले आणि ओल काढायला बोलावलेल्या गवंड्याला त्यांनी आल्या पावली परत पाठवलं. "आईच्या अंगाला छिन्नी लावतोस?" गवंडी बिचारा माफी मागून गेला. तेव्हापासून महाराज भिंतीखाली घंगाळ ठेवून तीर्थ धरत होते आणि पळीपळीनं वाटत होते. देवघराची खोली रस्त्याकडून उघडून तिचं देऊळ करायचं, इथवर त्यांची मजल गेली होती.

या घरची सून प्रांजली शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मंगळवार-शुक्रवारी ती सकाळीच शाळेला निघायची, त्यामुळे हा सोहळा तिनं आज पहिल्यांदाच पाहिला. आज तिनं रजा टाकली होती ती मात्र देवीसाठी नाही, सासऱ्यांसाठी.

"बाबा, ऑटो उभी आहे. ड्रेसिंगला जायचंय ना आपल्याला?"

"आज नको, बाळ," विश्वासराव आरामखुर्चीतूनच म्हणाले. "आज शुक्रवार. आज देवीच्या पाण्यानं पाय धुवायचा. महाराजांनी गोळ्याही बंद करायला लावल्यात. दोन दोन ठिकाणी विश्वास ठेवला की आई रुसते म्हणे."

विश्वासरावांना साखरेचा आजार होता. चपलेनं पायाच्या बोटाला जखम झाली, ती चिघळली आणि आता ते बोट काळपट दिसायला लागलं होतं. प्रांजलीनं पट्टी जराशी उचलून पाहिली आणि ती तडक सासूकडे वळली.

"आई, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

जमनाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "मी काय सांगू, प्रांजली? डॉक्टर म्हणतो बोट कापावं लागेल. महाराज म्हणतात देवी बोट राखेल. तूच सांग, बायकोनं कुणाचं ऐकावं?"

प्रांजलीला डाचत होतं ते महाराजांचं मंगळवार-शुक्रवार. पाण्याला रंग असू शकतो, वास असू शकतो, पण पाणी कॅलेंडर बघून कसं गळेल? तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट दिसली. महाराज सगळ्यांना तीर्थ पाजत होते. स्वतः मात्र ते पळी डोळ्यांना लावायचे, डोक्यावरून फिरवायचे आणि पुढच्याच्या हातावर ओतायचे. ओठांना म्हणून लावत नव्हते.

राग घालवायला ती धुण्याची बादली उचलून गच्चीवर निघाली. वरच्या मजल्यावर दसऱ्याच्या सुमारास नवी भाडेकरीण आली होती, प्रेमा. ती आणि तिच्या दोन मोठ्या मुली, तिघी गॅलरीत केस मोकळे सोडून उन्हात बसल्या होत्या. प्रांजली पुढे गेली आणि थबकली. हा वास! तोच गोडसर, औषधी. खाली अख्खी गर्दी हुंगत होती तो.

"शिकेकाई का, प्रेमाक्का?"

"हो की! घरीच कुटलेली. आज शुक्रवार नाही का, आज डोक्यावरून आंघोळ. आमच्यात बायकांनी मंगळवार-शुक्रवार सोडून दुसऱ्या वारी डोकं भिजवायचं नाही. तांब्याचा मोठा हंडा भरून पाणी तापवतो आणि तिघी एकामागून एक न्हातो. तेल, शिकेकाई, अंगाला हळद." तिनं आपले पिवळेजर्द पाय दाखवले. "फक्त ती न्हाणीघरातली मोरी तुंबलीय हो. केस अडकलेत वाटतं. रोज एकेक बादली पाणी जातं कसंतरी. पण न्हाण्याच्या दिवशी घोट्याएवढं तळं होतं."

"मग ते तळं जातं कुठे?"

"कुठे का जाईना, आटतं आपोआप!"

प्रांजली कठड्याला टेकून खळखळून हसली. हसता हसता तिला सासऱ्यांचं काळं पडलेलं बोट आठवलं, आणि ते बोट कुठल्या पाण्यानं धुतलं जाणार आहे हेही. तिचं हसू तिथेच विरलं.

न्हाणीघर बरोबर देवघराच्या वर होतं. तिनं प्रेमाला सगळं सांगितलं. प्रेमाचा हात तोंडावर गेला. "अय्यो देवा! मंगळवारी मीसुद्धा दोन पळ्या घेतल्या की हो!"

"आता चूळ भरून उपयोग नाही. पण मला मदत करा. घरात नीळ आहे? कपड्यांची?"

खाली येऊन प्रांजली गर्दीतून वाट काढत थेट भिंतीपुढे उभी राहिली. नुसतं सांगून काही होणार नव्हतं, नास्तिक सून म्हणून लोकांनी तिलाच बाहेर काढलं असतं. म्हणून तिनं हात जोडले.

"महाराज, देवी रंग बदलते का?"

"आईची इच्छा असेल तर काय होणार नाही, पोरी?"

"मग ऐका सगळे. आता थोड्या वेळात ही भिंत निळी होणार आहे."

महाराज गडगडाटी हसले. "ही कोण नवी देवर्षीण?"

प्रांजलीनं जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "प्रेमाक्का, ओता!"

वर धाडकन बादली उपडी झाली. खाली सगळ्यांच्या माना छताकडे वळल्या. आणि मग छताच्या कडेला एक ठिपका दिसला, तो वाढला, खाली ओघळला. निळा, स्वच्छ निळा.

महाराज कसलेले होते. ते ताडकन उठले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "रूप पालटलं! आई नीलवर्णा झाली! हा योग पिढ्यांतून एकदा येतो! बोला..."

"महाराज, नीळ आहे ती," जिन्यावरून प्रेमा म्हणाली. ओले केस, कोपरापर्यंत निळे हात. "मीच ओतली. आणि मंगळवार-शुक्रवारचं ते तीर्थ म्हणजे आमच्या आंघोळीचं पाणी. आमची मोरी तुंबलीय."

गर्दीत चुळबुळ झाली. कापडदुकानदारानं ओठ पुसले. पण एक म्हातारेबुवा हटेनात. "आंघोळीचं पाणी लाल कसं होईल? ते सांगा!"

"दाखवते. आई, एक ताट द्या, चिमूटभर हळद आणि बाबांच्या पानाच्या डब्यातला चुना."

जमनाबाई ताट घेऊन आल्या. पाण्यात हळद पडली, पाणी पिवळं झालं. प्रांजली चुन्याचं बोट बुडवणार, एवढ्यात जमनाबाईंनी तिचा हात धरला.

"थांब," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ही तर ओकळी."

त्यांनी स्वतःच चुना कालवला. ताट लालभडक झालं. त्या खोलीतल्या एकूण एक बाईनं ते पाणी आयुष्यभर कालवलं होतं. लग्नाचं वऱ्हाड दारात आलं की नवरानवरीची दृष्ट काढायला हेच हळद-चुन्याचं लाल पाणी ओवाळायचं आणि दारात ओतून टाकायचं. ओतून टाकायचं, प्यायचं नव्हे! वरून हळदीचं पाणी झिरपत होतं आणि खाली ताज्या चुन्याची भिंत वाट बघत होती. ताटाऐवजी भिंत, एवढाच काय तो फरक.

"माझ्या हातानं किती लग्नांत कालवली मी," जमनाबाई म्हणाल्या. "आणि मलाच कळू नये?"

प्रांजलीनं घंगाळातून पेला भरला आणि महाराजांपुढे धरला. "तरीही तीर्थच असेल, तर घ्या. तुम्ही अजून घेतलेलं नाहीत."

"आज... आज माझा निर्जळी उपवास आहे."

"मंगळवारीही होता!" बूथवाला दारातून ओरडला.

मग जो गोंधळ झाला त्यात कोण चुळा भरत होतं, कोण महाराजांची कॉलर शोधत होतं, काही कळेना. कफनीला कॉलर नसते म्हणून महाराज सुटले. पण त्या चपलांच्या ढिगातून स्वतःच्या वहाणा शोधायची त्यांची हिंमत झाली नाही, ते अनवाणीच बोळातून पसार झाले.

जमनाबाई मागे वळूनही न बघता नवऱ्यापाशी गेल्या. "चला. उठा." विश्वासराव काही बोलू लागले तशा त्या कडाडल्या, "देवी माझ्या देवघरात आहे, न्हाणीघरात नाही! चला म्हणते ना!"

दवाखान्यात विश्वासरावांचं बोट काढावं लागलं. पाऊल वाचलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, पहिल्यांदा तुम्ही बोलावलंत तेव्हाच आलो असतो, तर बोट राहिलं असतं का?"

"ते वेळेवर काढलं असतं, तर पाऊल एवढं धोक्यात आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "आणि गोळ्या थांबवल्या नसत्या, तर कदाचित बोटही राहिलं असतं."

जमनाबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या. प्रांजली त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि त्या घटकेला तिला महाराजांचा जितका संताप आला, तितका कधीच आला नव्हता.

तर मंडळी, देवीला हात जोडायचे असतील तर खुशाल जोडा, कुणी अडवत नाही. पण भिंत ओली झाली की आधी जिना चढून वर काय चाललंय ते बघून या. मोरी साफ करणारा बोलवा, गवंडी बोलवा. आणि जखम झाली तर डॉक्टर. वार कुठला आहे, हे जखमेला कळत नाही.