चाखणारी

सकाळी उपकेंद्राचं कुलूप काढून फरहीनने आधी खिडक्या उघडल्या. वजनकाट्यावर मिठाची सीलबंद पुडी ठेवून काटा बरोबर दाखवतो ना, ते पाहिलं, मोजपट्टी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि राधानगरीच्या वरच्या अंगाच्या वस्तीची वाट धरली. गरोदरपणी आईच्या पोटात दारू गेल्यामुळे जन्मापासून अधू राहिलेल्या मुलांचं सर्वेक्षण चालू होतं. संशयित मुलांच्या घरी दर महिन्याला जाणं, हे आरोग्यसेविका म्हणून तिचं काम होतं.

पिराजीचा पृथ्वीराज ओसरीवर बसला होता. तीन वर्षांचा, पण डोकं वयाच्या मानाने लहान, डोळे बारीक, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खळगी सपाट. कोल्हापूरच्या डॉक्टरांना चेहऱ्यावरून शंका होती. आई मात्र दर वेळी नाहीच म्हणत आली होती. आणि तीच प्रियदर्शनी आता पुन्हा चौथ्या महिन्यात होती.

"खरं सांग, दारू घेतलीस कधी?"

"सारखं तेच काय इचारताय, बाई? पिणारी दिसती का मी?"

चुलीपाशी सासू बायडाबाई खो खो हसली. "आमच्यात बायका पीत न्हाईत. बाप्यांनी ठिवली तर पितील की!"

तेवढ्यात परसातून पिराजी ओरडला, "दर्शने, धार लागलीया, ये चाखाय!"

प्रियदर्शनी उठली. फरहीन मागोमाग गेली. परसातल्या दारूच्या हातभट्टीच्या नळीखाली वाटी धरून प्रियदर्शनीने घोट जिभेवर घोळवला आणि गिळला. "अजून कडक हाय. पाणी घाला."

"थुंकत नाहीस?"

"थुकलं तर घशाचा चटका कसा कळंल?"

"माझी जीब तंबाखूनं मेली," मागून आलेली बायडाबाई अभिमानाने म्हणाली. "हिच्याबिगर माल उठत न्हाय."

"पृथ्वीराजच्या वेळी पण चाखत होतीस?"

"व्हय की, दर भट्टीला. ते काय पिणं हाय व्हय, बाई? काम हाय ते."

फरहीनने मग आडपडदा न ठेवता सांगितलं, पृथ्वीराजचं जे झालं ते यानेच. प्रियदर्शनीने वाटी खाली ठेवली. तिची नजर ओसरीकडे गेली आणि तिथेच खिळली.

"म्हंजे भट्टी बंद करू?" पिराजी उसळला. "पोरगं देवानं दिलं तसं हाय. तुमचं झालं असंल तर निघा."

तो लाकडं आणायला गेला, तेव्हा प्रियदर्शनी हलक्या आवाजात म्हणाली, "मी हितं हाय तवर ह्ये चाखाय लावणारच."

पोलिसांत कळवावं, तर चुगलीचा आळ हिच्यावर येईल आणि पुन्हा या वस्तीतली एकही बाई आरोग्यसेविकेशी खरं बोलणार नाही. गप्प बसावं, तर पोटातलं पोर दर भट्टीला ते सोसणार. फरहीनने आजवर कुणाला खोटं निदान सांगितलं नव्हतं. तिने प्रियदर्शनीला आत नेऊन तपासलं आणि बाहेर आली.

"मावशी, पिशवीचं तोंड सैल आहे. धूर नको, ओझं नको. बाळंतपणापर्यंत माहेरी पाठवा."

बायडाबाईचा चेहरा उतरला. "नातू पडंल व्हय?"

"इथं ठेवलीत तर पडेल."

लाकडं घेऊन परतलेल्या पिराजीने कुरकुर केली. आईने त्याला एका शब्दात गप्प केलं.

दुपारी फरहीनने मायलेकरांना कोल्हापूरच्या एसटीत बसवलं. तिथून पुढे नृसिंहवाडीला प्रियदर्शनीची आई होती. गेल्या चार महिन्यांत पोटातल्याचं काय झालं असेल, हे कोणतीही मोजपट्टी आज सांगू शकत नव्हती. प्रियदर्शनीने विचारलंही नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर फरहीनने नृसिंहवाडीच्या आरोग्यसेविकेला फोन लावला, खरं कारण सांगितलं, पत्ता दिला आणि पुढच्या घराकडे चालू लागली.