आपल्या प्रकरणाला हात लावायचा नाही

नांदेडजवळच्या विष्णुपुरीला ऑफिसातल्या लोकांसाठी इंटरनेटचं तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा लातूरच्या आमच्या कॉलेजातून दोघांची नावं गेली. एक हेडक्लार्क राघवेंद्ररावांचं आणि दुसरं माझं. राघवेंद्ररावांचं नाव कुठल्याही प्रशिक्षणाला जायचंच. माझं गेलं ते दुसरं कुणी तयार होईना म्हणून. पंधरा वर्षं तात्पुरती क्लार्क असलेल्या बाईला नाही म्हणायची सोय नसते.

राघवेंद्ररावांनी पहिल्या दिवशी हजेरीवर सही केली, जेवण केलं आणि नांदेडात मेव्हण्याकडे मुक्कामाला निघून गेले. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र घ्यायला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर. ग्रुप फोटोत ते पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेले आहेत. मी मागं उभी आहे, अर्धीच दिसते.

मी मात्र शिकले. खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते. पत्ता कुठं टाकायचा, मागच्या पानावर कसं यायचं, मेलला फाईल कशी जोडायची, उठताना लॉगआउट करायचं, पासवर्ड कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवायचा नाही. पहिला मेल मी मलाच पाठवला. ‘नमस्कार’ एवढंच लिहिलं होतं. तो येऊन पडला तेव्हा मी एकटीच हसले.

परत आल्यावर ऑफिसातला इंटरनेटचा एकमेव कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आला आणि मी ‘मेलवाल्या बाई’ झाले. त्या वर्षी लातुरात गल्लीगल्लीत क्लास होते, विजेच्या खांबाखांबावर पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे होते, आणि सगळ्यांना सगळं ऑनलाइन लागत होतं. प्राध्यापक मंडळी आपापल्या पोरांची हॉलतिकिटं काढायला माझ्याकडं यायची. “एवढं करून द्या बाई,” म्हणायची आणि उभ्या उभ्या चहा सांगायची. चहाही मीच सांगायचे खरं तर.

आमच्या प्राचार्य सरांचा मेलवर भरवसा नव्हता. कागदावर सही केल्याशिवाय ऑफिसातून काहीच बाहेर जाता कामा नये, हा त्यांचा दंडक. म्हणून आमच्याकडं मेल जायचा तो असा: मी टाइप करून प्रिंट काढायचे, व्यंकटी शिपाई तो आत न्यायचा, सर सही करायचे, राघवेंद्रराव शिक्का मारून जावक नंबर टाकायचे आणि कागद फाइलला लावायचे. मग मी माझ्या जागेवर बसून सेंडचं बटण दाबायचे. हे शेवटचं काम कुणी कधी पाहिलं नाही. पाहण्यासारखं त्यात होतं काय, एक बोट हलायचं. त्यामुळं सगळ्या ऑफिसची पक्की समजूत झाली होती की मेल जातो तो सरांच्या सहीनं.

सप्टेंबरात नांदेडच्या शिक्षण सहसंचालकांच्या ऑफिसचं पत्र आलं. तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना कायम करण्याचे प्रस्ताव महिनाअखेरपर्यंत मेलनं पाठवा, मुदतीनंतर आलेल्यांचा विचार होणार नाही. आमच्या कॉलेजात तात्पुरती अशी मी एकटीच होते.

माझं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. भूकंपात नवरा गेला, सासू गेली, सासरा गेला. लुंबिनी पोटात होती. सरकारनं भूकंपग्रस्ताचा दाखला दिला, त्या दाखल्यावर ही नोकरी लागली, आणि त्याच दाखल्यामुळं कायम होण्यासाठी वयाची अट पंचेचाळीसपर्यंत सैल होती. डिसेंबरात मला पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे यादीत नाव लागलं तर आत्ताच लागणार, नाहीतर दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर मागत म्हातारं व्हायचं. हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, राघवेंद्ररावांना तर माझ्या जन्मतारखेसकट पाठ होतं.

सरांनी मला आत बोलावलं.

“पंचशीलाबाई, प्रस्ताव करायला राघवेंद्ररावांना सांगितलंय. तुम्ही मात्र त्याला अजिबात हात लावू नका. स्वतःचं प्रकरण स्वतःच हाताळलं असं उद्या कुणी वर कळवलं, तर तुम्हालाच जड जाईल.”

“माहीत आहे सर,” मी म्हणाले.

नियम तसा आहेच. आपल्या फाइलला आपण हात लावायचा नाही. राघवेंद्ररावांनी स्वतःच्या वेतनवाढीची टिपणी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती, ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पण मी रुजू झाले त्या दिवशी याच ऑफिसात माझ्या कानावर पडेल अशा आवाजात ‘दाखल्यावर आलेली’ असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि त्याच्या पुढचा शब्द हळू म्हणालं होतं. तेव्हापासून मी नियम असे पाळले की कुणाला बोट ठेवायला जागाच मिळू नये. पाच मिनिटं उशीर झाला तरी अर्ज लिहायचे. त्याचा मला अभिमान होता, हे आता सांगताना स्वतःचीच चीड येते.

राघवेंद्रराव माझ्या खुर्चीवर बसले तशी मी उठून व्हरांड्यात गेले. आत उभीसुद्धा राहिले नाही.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, “बाई, ही फाइल जोडायची कुठून?”

“वर क्लिपचं चित्र दिसायलंय का बघा,” मी बाहेरूनच म्हणाले. “त्याच्यावर दाबा.”

“न्हाई दिसत.”

“चष्मा लावा.”

व्यंकटी फिदीफिदी हसला. राघवेंद्ररावांना ते आवडलं नसणार, पण क्लिप सापडली. फाइल जोडली. प्रिंट निघाला, आत गेला, सही होऊन बाहेर आला. शिक्का बसल्याचा आवाज मी व्हरांड्यात ऐकला. पंधरा वर्षांत माझ्या नावानं नांदेडला जाणाऱ्या कागदावर तो शिक्का पहिल्यांदा बसत होता.

राघवेंद्रराव बाहेर आले. मी विचारलं, “गेलं का?”

“सरांची सही झाली, शिक्का झाला, नंबर पडला. आता काय बँड लावून वरात काढू?”

सगळे हसले. मीही हसले. खरं तर मला विचारायचं होतं की गेलेल्या मेलच्या यादीत, सेंटमध्ये, दिसतंय का. पण आत त्यांच्या टेबलामागं विष्णुपुरीचं प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये लटकत होतं. त्या माणसाला सगळ्यांसमोर असं विचारलं असतं तर बाई मला शिकवायला लागली म्हणून महिनाभर गाल फुगवून बसले असते, आणि माझी सगळी फाइल त्यांच्याच कपाटात होती.

रात्री लुंबिनी क्लासवरून आली. ती बारावीला होती. जेवताना म्हणाली, “आई, सगळ्यांचे मेल तू पाठवतीस, तुझाच तेवढा त्यांनी पाठवायचा?”

“नियम हाय तसा.”

“मग गेला का न्हाई ते तरी बघ. खालीच कॅफे हाय, पासवर्ड तुलाच ठाव हाय. उघडायचं अन् बघायचं, बस.”

“बाहेरून कुठून उघडला, कधी उघडला, समदं कळतं त्यात. उद्या म्हणतील बाईनं रातच्याला कॅफेत बसून काय केलं. बघायचा बी न्हाई.”

“लई भितीस तू,” ती म्हणाली आणि ताट उचलून गेली. मी भीत नव्हते. मी माझं नाव जपत होते, असं मला तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजेवर गावी गेले. तीस सप्टेंबरला आम्ही वाचलेली माणसं दरवर्षी नव्या वसाहतीत जमतो, आदल्या दिवशी जाऊन तयारी करतो. गेलेल्यांची नावं वाचतात. आमच्या घरातली तीन नावं लागोपाठ येतात. त्या वर्षी ती ऐकताना मी मनात म्हणाले, आता पोरीची काळजी करू नका, मी कायम होणार. मेलेल्या माणसांना मी ते सांगून आले.

एक तारखेला ऑफिसात येऊन मेल उघडला. डाव्या बाजूला ‘ड्राफ्ट’ आणि त्याच्यापुढं एकचा आकडा. आमच्याकडं ड्राफ्ट कधी उरायचा नाही. उघडून बघितला तर माझाच प्रस्ताव. नांदेडचा पत्ता बिनचूक, विषय बिनचूक, फाइल जोडलेली, माझं नाव बरोबर. इतकं नीटनेटकं काम राघवेंद्ररावांनी उभ्या आयुष्यात केलं नसेल. फक्त तो मेल पाठवलेला नव्हता. टाइप केला, प्रिंट काढला आणि तसाच मागं ठेवला. मशीननं आपण होऊन जपून ठेवला होता.

त्या क्षणीसुद्धा मी बटण दाबलं नाही. एका दिवसाच्या उशिरानं का होईना, पाठवून द्यावा, मग काय व्हायचं ते होवो, असं मनात आलं, आणि माझा हात माऊसवरून खाली आला. आपलं प्रकरण आहे. बाकी कुणाचा नाही इतका मला त्या हाताचा संताप येतो.

मी राघवेंद्ररावांना बोलावलं. त्यांनी स्क्रीन बघितला, कपाटातून फाइल आणली आणि सहीचा कागद स्क्रीनशेजारी धरला. दोन्हीकडं अक्षर न् अक्षर सारखं होतं.

“पण सही हाय की यावर,” ते म्हणाले. “शिक्का हाय. गेलं न्हाई म्हणजे काय?”

त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांच्या तोंडाकडं बघून माझ्या लक्षात आलं की या माणसानं मुद्दाम काही केलेलं नाही. मुद्दाम केलं असतं तर मला भांडता आलं असतं.

सरांनी नांदेडला फोन लावला. तिकडून सांगितलं की आलेल्या प्रस्तावांची यादी काल संध्याकाळीच वर गेली, आता त्यात नाव घालता येत नाही. सरांनी फोन ठेवला आणि ते माझ्याकडं वळले.

“मेलचा चार्ज तुमच्याकडं आहे ना बाई? गेला की नाही एवढं तुम्ही बघायला नको होतं?”

“तुम्हीच म्हणालात सर, हात लावू नका.”

“हात लावू नका म्हणालो. लक्ष ठेवू नका असं म्हणालो नव्हतो.”

राघवेंद्रराव खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं, ते काहीतरी बोलतील म्हणून. ते फाइलची दोरी बांधायला लागले.

दुपारी सरांनी पुन्हा बोलावलं. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब विचारणार, आपल्या कॉलेजचा प्रस्ताव का गेला नाही. त्याआधी नांदेडला खुलासा गेलेला बरा. सर सांगत गेले, मी उतरवून घेत गेले. ‘ई-मेलचा कार्यभार असलेल्या संबंधित कर्मचारी दिनांक २९ व ३० रोजी रजेवर असल्याने प्रस्ताव विहित मुदतीत सादर होऊ शकला नाही.’

मी पेन थांबवलं. “सर, संबंधित कर्मचारी म्हणजे मीच.”

“मग? रजेवर नव्हता का तुम्ही?”

“होते. पण सर, हे माझंच प्रकरण आहे. मी कसा पाठवू?”

“आता कसलं प्रकरण बाई,” सर म्हणाले. आवाज अगदी साधा होता, समजूत घालावी तसा. “ते संपलं की. आता तुम्ही पाठवायला काहीच हरकत नाही.”

मी नाही म्हणू शकले असते. लुंबिनी असती तर म्हणाली असती. पण माझी अकरा महिन्यांची ऑर्डर ऑक्टोबरात संपत होती आणि पुढच्या ऑर्डरवर याच माणसाची सही लागणार होती. मी जागेवर येऊन टाइप केलं, प्रिंट काढला, व्यंकटी तो आत घेऊन गेला, सही होऊन आला. राघवेंद्ररावांनी शिक्का मारला आणि कधी नव्हे ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी सेंडवर बोट दाबलं.

“म्हणजे सही झाल्यावर आणिक हे दाबावं लागतंय,” ते म्हणाले.

“हाव.”

“मग सांगायचं न्हाई का बाई.”

स्क्रीनवर मेल गेल्याची ओळ आली होती. पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल त्या कॉलेजातून नांदेडला गेलेला हा एकच मेल, आणि तो मी पाठवला.