ओनोदेरांना केलेला आग्रह

पुणेकरांना आग्रह करता येत नाही, असं जगातले सगळे कोल्हापूरकर म्हणतात, आणि त्यांतलाच एक माझ्या नशिबी नवरा म्हणून आला. मोरेश्वर हे मला लग्नाच्या पंक्तीपासून ऐकवतोय. "तुमच्याकडं पाहुण्याला विचारतात, जेवून आला असाल ना?" मी म्हणते, आम्ही माणसाच्या शब्दाला किंमत देतो. नको म्हणाला की नको. उगाच त्याच्या पोटावर अत्याचार कशाला?

जपानात आल्यावर तर माझं हे तत्त्व आणखीच पक्कं झालं. इथे सगळे इतके हळू आणि अदबीनं बोलतात, की आग्रह करणं म्हणजे कुणाच्या अंगावर धावून जाण्यासारखं वाटायचं.

सेंदाईच्या हिरोसे विद्यापीठात मी भाषाविज्ञान शिकवत होते. सरकारी विद्यापीठ, सहप्राध्यापकाची जागा, प्राध्यापक सभेत मताचा अधिकार. सगळं जपानी सहकाऱ्यांसारखंच, फक्त एक शेपूट जास्त. त्यांची नोकरी निवृत्तीपर्यंत आणि माझी तीन वर्षांची, कारण मी परदेशी. मुदत संपली की पुढे ठेवायचं की नाही, हे त्या वेळचा डीन ठरवून सभेपुढे मांडणार. माझी मुदत संपत होती सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये, आणि शहाण्णवच्या फेब्रुवारीत नव्या डीनची निवडणूक होती. मावळते डीन कुमागाई फार सभ्य गृहस्थ. मी विचारलं की म्हणायचे, "विचार करू." शेवटी एकदा म्हणाले, "हे नव्या डीननी पाहिलेलं बरं." घ्या! म्हणजे लोणचं घातलं माझं.

डीन होण्यासारखे दोघंच होते. एक सुगावारा, आमच्यात वयानं सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांचं मत त्यांनी लपवलं नव्हतं. मला लिफ्टमध्ये हसतमुखानं म्हणाले होते, "परदेशी शिक्षक ठरावीक काळानं बदलावेत, विभा-सान. खोलीत ताजी हवा येते." मी मनात म्हटलं, मी काय खिडकी आहे?

दुसरे ओनोदेरा. जुन्या गावांच्या पाणीवाटपाचा इतिहास हा त्यांचा विषय. उंच, किडकिडीत, विधुर. बर्फातसुद्धा सायकलवर येणारे. ते सभेत एकदाच, पण स्वच्छ बोलले होते, "एकाच खोलीत बसणाऱ्या माणसांना दोन नियम नसावेत." एवढं बोलून खाली बसले आणि दिवसभर लाजल्यासारखे वावरले.

इथे निवडणुकीला कुणी उभं राहत नाही. प्रचार नाही, भाषण नाही, चहापाणीसुद्धा नाही. सगळेच प्राध्यापक उमेदवार. चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि पेटीत टाकायचं. 'मला डीन व्हायचंय' असं म्हणणारा माणूस तिथल्या तिथे बाद.

जानेवारीत आम्ही ओनोदेरांना जेवायला बोलावलं. मतासाठी नाही हं! मत तर मीच त्यांना देणार होते. एकटा माणूस, सुट्टीत काय खात असेल, म्हणून. पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात आणि रात्रभर दही टांगून केलेलं श्रीखंड. सेन्सेईंनी, म्हणजे इथल्या भाषेत गुरुजींनी, पहिली पोळी अशी खाल्ली की मला भरून आलं. मी विचारलं, "आणखी एक?" ते म्हणाले, "नको, पुष्कळ झालं." मी पोळ्यांचा डबा बंद केला. श्रीखंड विचारलं, "नको, नको, फार छान होतं." मी भांडं उचलून फ्रीजमध्ये ठेवलं. मोरेश्वर मला डोळ्यांनी खुणावत होता. मी लक्ष दिलं नाही. माणसाच्या शब्दाला किंमत नको?

सेन्सेई निघाले. थोड्या वेळानं मोरेश्वर सकाळसाठी दूध आणायला बसस्टॉपजवळच्या कोंबिनीत गेला, म्हणजे ते दिवसरात्र उघडं असणारं दुकान, आणि परत आला तो डोक्याला हात लावूनच.

"विभा, माणूस उपाशी गेला की गं!"

"कोण?"

"कोण काय? तुझे सेन्सेई! दुकानात उभे होते, हातात दोन ओनिगिरी, ते भाताचे गोळे. मला बघून माझ्यापेक्षा तेच जास्त शरमले. म्हणाले, उद्याच्या न्याहारीला घेतोय. आणि एकीचा कागद सोललेला!"

आमची नुपूर तेव्हा दहा वर्षांची. ती टीव्हीसमोरून मान न वळवता जपानीत म्हणाली, "आई, पहिल्यांदा सगळे नकोच म्हणतात. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा. तुला माहीत नाही?"

"तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

मोरेश्वर त्या रात्री उरलेलं श्रीखंड खात मला शिकवत बसला. "कोल्हापुरात नियम आहे. पहिलं नको हे रीतीचं. दुसरं नको हे लाजेचं. तिसरं नको आलं, की मग माणसाचं पोट खरंच भरलं. तोवर ताटावरचा हात काढायचा नाही. आणि तुमच्या पेठांमध्ये पहिल्या नकोलाच झाकण!" मी फार चिडले, कारण तो बरोबर होता. पाहुणा माझ्या घरून उपाशी गेला, हे मला मेलं आठवडाभर खुपत राहिलं.

मग निवडणुकीचा दिवस आला. सभेची खोली लांबलचक, टेबलं घोड्याच्या नालासारखी मांडलेली, प्रत्येकापुढे हिरव्या चहाचा कप. माझी ही पहिलीच डीन-निवड. शेजारी ताचिबाना-सान बसली होती, आमच्या शाखेतली माझ्याखेरीज एकटीच बाई, आणि माझी मैत्रीण. तिनं आत येतानाच बजावलं होतं, "आज काहीही झालं तरी तू बोलू नकोस. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे. बोललीस तर लोक म्हणतील, स्वतःसाठी बोलते." मी मान डोलावली. तोंडाला कुलूप.

चिठ्ठ्या मोजल्या. कुमागाईंनी आकडे वाचले. ओनोदेरा पहिले! सुगावारा दोन मतांनी मागे! टेबलाखाली मी ताचिबानाचा हात इतका जोरात दाबला की ती कळवळली.

ओनोदेरा उठले. कमरेत वाकले. म्हणाले, "आपण विश्वास दाखवलात, आभारी आहे. पण मी त्या योग्यतेचा नाही. मला यातून मोकळं करावं." आणि बसले.

मला वाटलं, संपलं! अरे देवा, या माणसानं स्वतःच पाय काढला! मी ताचिबानाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती सुगावारांकडे बघत होती. हळूहळू माझ्या लक्षात आलं, अख्खी खोलीच सुगावारांकडे बघतेय.

"काय चाललंय?" मी कुजबुजले.

"रीत आहे," ती ओठ न हलवता म्हणाली. "निवडलेला माणूस नाही म्हणतोच. मग सगळ्यांत ज्येष्ठ उठून विनंती करतो, आणि मग बाकीचे. इतकी वर्षं चिबा-सेन्सेई उठायचे. ते गेल्या वसंतात निवृत्त झाले."

"आणि आता ज्येष्ठ कोण?"

तिनं हनुवटीनं समोर दाखवलं. सुगावारा आपल्या कपातल्या चहाकडे एकाग्रतेनं बघत होते, जणू आतून काहीतरी उगवणार होतं. ते उठणार नव्हते. आणि ज्येष्ठ उठल्याशिवाय बाकीच्यांपैकी कुणी उठणार नव्हतं. मतं ओनोदेरांना देणारी ती सगळी माणसं, एकेक विद्वान, मान खाली घालून बसली होती.

कुमागाईंनी घसा साफ केला. "कुणाला काही म्हणायचं नसेल, तर नियमाप्रमाणे दुसऱ्या क्रमांकाच्या..."

मी ओनोदेरांकडे पाहिलं. आणि आई शपथ सांगते, तो चेहरा मी ओळखला! तोच चेहरा, माझ्या जेवणाच्या टेबलावरचा, पोळ्यांच्या डब्याकडे शेवटचं बघणारा. माणूस उपाशी होता, आणि सगळी खोली त्याच्यासमोरचं भांडं उचलून फ्रीजमध्ये ठेवायला निघाली होती.

मी उठले. ताचिबानानं माझी बाही धरली होती, ती सुटली. खुर्ची जमिनीवर करकरली. सभेतली सगळ्यांत धाकट्या मानाची, मुदतीवर असलेली, परदेशी बाई. कुमागाई अर्ध्या वाक्यात थांबले.

"मला बोलायचं आहे," मी म्हणाले. मग आवाज चढवला. "ओनोदेरा-सेन्सेई मागच्या महिन्यात माझ्या घरी जेवायला आले होते. मी त्यांना एकदाच विचारलं, आणखी एक पोळी हवी का. ते नको म्हणाले. मी डबा बंद केला. नंतर माझ्या नवऱ्याला ते दुकानात ओनिगिरी घेताना दिसले."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. ओनोदेरा कानापर्यंत लाल झाले होते.

"ते माझ्या घरून उपाशी गेले, कारण मी एकदाच विचारलं. ती चूक मी परत करणार नाही. मला माहीत आहे, माझी नोकरी पुढच्या डीनच्या हातात आहे. सेन्सेई डीन झाले तर माझा फायदा आहे. तुम्हाला सगळ्यांना ते ठाऊक आहे, मग लपवून काय करू? पण मतं मी एकटीनं दिलेली नाहीत. सेन्सेई, मी दुसऱ्यांदा विचारते. आमचे डीन व्हा."

ओनोदेरा उठले, वाकले. "विभा-सान, जेवण खरंच फार छान होतं," ते म्हणाले, आणि आता लोक उघड हसले. "पण इतक्या सगळ्या विद्वानांपुढे मी... माझ्याकडून ते होणार नाही."

हे दुसरं नको. लाजेचं. मोरेश्वरचा आवाज माझ्या कानात होता: हात काढायचा नाही. मी बसले नाही. तशीच उभी राहिले आणि म्हणाले, "सेन्सेई, तिसऱ्यांदा विचारते."

आणि मग शेजारची खुर्ची करकरली. ताचिबाना! जी मला तोंड बंद ठेव म्हणाली होती, ती! "मीही विनंती करते," ती म्हणाली. समोरच्या रांगेतून एक जण उठला. "माझीही विनंती." मग दुसरा, मग कोपऱ्यातले तिघे एकदम. खुर्च्यांचा तो करकराट! लग्नातल्या कुठल्याही सनईपेक्षा गोड वाटला मला. एकेक करून नालाची ती अख्खी कड उभी राहिली, आणि शेवटी एकटे सुगावारा बसलेले उरले.

आता सगळे परत त्यांच्याकडे बघत होते, पण या वेळी उभे राहून. काय करणार बिचारे! रीत त्यांच्यासाठीही होतीच. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला, कोटाचं बटण लावलं, आणि उठले. "माझीसुद्धा," ते म्हणाले. मग जरा थांबून, का कोण जाणे, नीट वाकले. "ओनोदेरा-सान, कृपा करून."

ओनोदेरांनी उभ्या राहिलेल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "अपुरा असलो, तरी स्वीकारतो."

टाळ्या! त्या खोलीत मी कधी टाळ्या ऐकल्या नव्हत्या. मी धपकन खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले, आणि मला त्याची काडीमात्र लाज वाटली नाही.

घरी येऊन सांगितलं, तर मोरेश्वर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बघ! अख्ख्या जपानी विद्यापीठाला कोल्हापूरनं वाचवलं!" मी म्हटलं, "उठून उभी राहिली ती पुण्याची होती, हे विसरू नकोस." नुपूरनं जपानीत विचारलं, म्हणजे आता आपण इथेच राहणार का. मी म्हटलं, अजून कुठे, थांब. तिनं तोंड वाकडं केलं आणि गृहपाठ काढला.

ओनोदेरांनी एप्रिलमध्ये खुर्ची घेतली. मे महिन्याच्या सभेत पहिलाच प्रस्ताव त्यांनी मांडला: परदेशी शिक्षकांच्या मुदतीचं कलम काढून टाकावं. त्यांनी त्याआधी स्वतः प्रत्येकाच्या खोलीत जाऊन बोलणं केलं होतं, सुगावारांच्याही, आणि एकदाच नव्हे. कलम गेलं. शेपूट तुटलं! माझी नोकरी आता इतरांसारखी, निवृत्तीपर्यंत.

त्या रविवारी आम्ही डीनसाहेबांना परत जेवायला बोलावलं. पहिल्या पोळीनंतर ते म्हणाले, "नको, पुष्कळ झालं." मी दुसरी वाढली. "नको, खरंच नको." तिसरी वाढली, वर तूप. श्रीखंडाची वाटी त्यांनी हातानं झाकली, तर नुपूरनं त्यांची बोटं एकेक करून बाजूला केली. ते हसत होते आणि खात होते. शेवटी त्यांनी दोन्ही हात पोटावर ठेवले आणि इतक्या काकुळतीनं नको म्हणाले, की मोरेश्वरनं निकाल दिला, "हे तिसरं. आता खरं."

ते निघाल्यावर आम्ही तिघं गॅलरीत उभे राहिलो. सायकल हातात धरून ते बसस्टॉपपर्यंत चालत गेले. दुकानाशी आले तशी मी श्वास रोखून धरला. त्यांनी क्षणभर थांबून आमच्या गॅलरीकडे मान वळवली, हात उंचावला, आणि दुकानाच्या दारावरून सरळ पुढे निघून गेले.