बालविभागात जागा नाही

आमच्या वन्संना बाळांचं वेड. लाडीगोडीचं नव्हे, कामाचं. अपुऱ्या दिवसांचं मूठभर पोर काचेच्या पेटीत असावं, त्याची शीर कोणालाच सापडू नये, आणि मग सगळ्यांनी बाजूला होऊन वन्संना वाट करून द्यावी, अशी त्यांची जुन्या हॉस्पिटलात ख्याती होती. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती नोकरी सोडून त्या आमच्या घरी राहायला आल्या. "तुझं शिवणकाम तू बघ, मला हेच काम येतं," असं म्हणाल्या आणि आईचं सगळं शेवटपर्यंत त्यांनीच केलं. एवढं दीर्घ आजारपण, पण सासूबाईंच्या पाठीवर एक जखम त्यांनी होऊ दिली नाही.

सासूबाई गेल्या आणि वन्संना घर खायला उठलं. पन्नाशी जवळ आलेली, मध्ये बराच खंड पडलेला. आता कोण विचारणार? एका सकाळी माझ्या नवऱ्याने चहा पिता पिता मोबाइलवरची जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली. बालविभागासाठी अनुभवी परिचारिका हव्यात. वयाची अट नाही. फक्त दिवसपाळी. घरच्यासारखं वातावरण.

"ताई, ही तुझ्यासाठीच छापलीय बघ."

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचली. मग वन्संनी चष्मा लावून स्वतः वाचली, उठल्या, आणि कपाटातला जुना युनिफॉर्म माझ्या मशिनवर आणून टाकला. कमरेत बराच सोडावा लागला. "आईची सेवा करत होते की नुसती खात होते गं मी?" असं त्याच म्हणाल्या आणि त्याच हसत सुटल्या.

मुलाखत घेणारे भरतीचे साहेब फार गोड बोलणारे निघाले. बसायला मऊ खुर्ची, चांगल्या कपातून चहा, आणि मग बालविभागात फेरी. भिंतीवर निळे-नारिंगी मासे रंगवलेले, पाळणे स्वच्छ, दोन सिस्टर हलक्या आवाजात बोलत औषधं मोजतायत. "हा तुमचा विभाग," साहेब म्हणाले. निघताना त्यांनी पडताळणीसाठी म्हणून वन्संची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली. त्या दिवशी वन्सं घरी आल्या त्या माशांचंच बोलत.

रुजू झाल्याच्या दिवशी मात्र त्यांना तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. तो वृद्धांचा वॉर्ड. एक खाट रिकामी नाही. नाकातली नळी सारखी ओढून काढणारे आजोबा, घरचं कोणी भेटायलाच येत नाही अशा आजी, संपत आलेल्या सलाइनच्या बाटल्या, आणि एवढ्या सगळ्यांना मिळून एक सिस्टर आणि साफसफाई, उचलठेव करणारी एक मावशी.

"आणि बालविभाग?" वन्संनी विचारलं.

मावशी चादर झटकत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुम्हालाही मासे दाखवले का?"

हळूहळू सगळं कळलं. बालविभागात जागा कधी नव्हतीच. तिथल्या सिस्टर वर्षानुवर्षं त्याच. पण वृद्धांच्या वॉर्डासाठी म्हणून जाहिरात दिली की कोणी फिरकत नाही, म्हणून दर वेळी पोरांचं नाव पुढे करायचं. दिवसपाळी ही पहिल्या आठवड्यापुरती. लांबून येणाऱ्या मुलींना राहायची सोय म्हणजे मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत दोन खाटा. आणि कोणी सोडून जायची भाषा केली की प्रमाणपत्रं अजून पडताळून व्हायची असायची.

वन्सं त्या संध्याकाळी घरी आल्या आणि बूट न काढताच बसून राहिल्या. माझा नवरा चवताळला. "तोंडाला पानं पुसली की तुझ्या! चल, आत्ताच्या आत्ता जाऊन त्या साहेबाची गचांडी धरतो."

"तू धरशील आणि माझे कागद आणखी आत जातील," वन्सं म्हणाल्या. "मी बघते."

त्यांनी जे केलं ते इतकं साधं होतं की मला आधी हसूच आलं. पाळी संपली की युनिफॉर्मवरच त्या साहेबांच्या खोलीत जायच्या आणि त्या मऊ खुर्चीत बसायच्या. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही. समोर कोणीही बसलेलं असो, रुग्णाचे नातेवाईक असोत, औषध कंपनीचा माणूस असो, नवीन उमेदवार असो, वन्सं सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात विचारायच्या, "साहेब, माझी मूळ प्रमाणपत्रं पडताळून झाली का? तुम्ही ठेवून घेतलीत ती?" साहेब म्हणायचे, नंतर या. वन्सं म्हणायच्या, "बसते ना. मला घाई नाही." आणि बसायच्या. वॉर्डात दिवसभर उभं राहिलेल्या बाईला बसून राहणं ही काय शिक्षा आहे?

थोड्याच दिवसांत साहेबांनी कागद आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. वन्संनी खुर्ची सोडली, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच खुर्चीत मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत राहणाऱ्या चिमणीला बसायला पाठवलं. चिमणी म्हणजे वॉर्डातली सर्वांत लहान सिस्टर, आवाजही चिमणीएवढाच. पण तिलाही तिचे कागद मिळाले. तोवर साहेब त्या खुर्चीला कंटाळले होते.

"झालं ना आता?" मी म्हटलं. "सोडा ती नोकरी, वन्सं."

"सोडली असती गं. पण ते नळीवाले आजोबा आहेत ना, ते हात धरून ठेवला की नळी काढत नाहीत. आणि हात धरायला माणूस नाही." मग म्हणाल्या, "आणि मी गेले की पुढची येणारच मासे बघून."

पुढचं वळण साहेबांनीच आणून दिलं. वन्संचे पिकलेले केस, शांत बोलणं, त्यांच्यावर पटकन बसणारा विश्वास हे सगळं त्यांनी खुर्चीच्या निमित्ताने जवळून पाहिलं होतं. एक दिवस त्यांनी वन्संना बोलावलं आणि चक्क चहा मागवला. नव्या उमेदवारांना फिरवायचं काम आता वन्संनी करावं. साहेब म्हणाले, मी दाखवलं तर लोक शंका घेतात, तुम्ही दाखवलंत तर घेणार नाहीत. बाकी काही नाही, मासे दाखवायचे आणि 'हा तुमचा विभाग' म्हणायचं. बदल्यात पुढच्या महिन्यापासून बालविभाग. या वेळी खरोखरचा. एक सिस्टर निवृत्त होत होती.

वन्संनी हे जेवताना सांगितलं. माझा नवरा म्हणाला, "घे ना ताई. तुला हवं तेच मिळतंय. नुसतं दाखवायचं तर आहे, तू थोडीच कोणाला फसवतेयस? फसवणार तो."

"तोंड माझं असेल ना रे," वन्सं म्हणाल्या. पण त्यांचं ताट तसंच राहिलं होतं. बाळांच्या वॉर्डाजवळून जाताना त्या मुद्दाम काचेपाशी रेंगाळायच्या, हे मला मावशीकडून कळलं होतं. मी त्यांच्या पानात काही वाढायला गेले तर त्यांनी हाताने नको म्हटलं. 'दाखवते' एवढंच त्यांनी दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं.

उमेदवार आले त्या दिवसाचं सगळं मला चिमणीने सांगितलं, काही तिने पाहिलेलं, काही ऐकलेलं. वन्सं स्वतः असलं काही सांगत नाहीत. बऱ्याच मुली होत्या, दोघी-तिघी पोक्त बायका, आणि एक आडदांड पुरुष नर्स. त्याला हॉस्पिटलात सगळे पुढे ब्रदरच म्हणू लागले. वन्संनी सगळ्यांना आधी माशांपाशी नेलं.

"हा बालविभाग," त्या म्हणाल्या. "सुंदर आहे. इथे तुमच्यासाठी जागा नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. वन्सं जिन्याकडे वळल्या. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी मुद्दाम अशी वेळ गाठली होती की जेवण आणि औषधं एकदम यावीत. एक आजी भरवून घेत होत्या, दुसऱ्या उलटी करत होत्या, कोपऱ्यातून कोणीतरी 'सिस्टर, सिस्टर' असा धोशा लावला होता, आणि चिमणी एकटी सगळीकडे धावत होती. वन्संनी सगळ्यांना भिंतीला लागून उभं केलं. बराच वेळ बघू दिलं.

मग म्हणाल्या, "काम हे आहे. पाळ्या तिन्ही. राहायची खोली खाली आहे, ती बघूनच ठरवा. मूळ प्रमाणपत्रं कोणाच्या हातात देऊ नका, नक्कल द्या. वाईट सांगितलं, आता चांगलं सांगते. इथली माणसं तुम्हाला नावाने ओळखायला लागतात. एखाद्याला बरं करून घरी पाठवलंत तर तो जिन्यापर्यंत वळून वळून बघतो. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जा, लाजायचं कारण नाही."

बरेच जण गेले. एक मुलगी जिन्यातच रडायला लागली. हातची नोकरी सोडून आली होती बिचारी. वन्संनी तिला पाणी दिलं आणि राजीनामा लेखी दिलाय की नुसता तोंडी सांगितलाय ते विचारलं. नुसता सांगितला होता. "मग आत्ता तिकडे फोन लाव, सोडत नाही म्हण," म्हणाल्या, आणि ती बोलेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

ब्रदर थांबला. एक पोक्त बाईही थांबली. ब्रदरने विचारलं, "सिस्टर, एवढं सगळं आहे तर तुम्ही का थांबलात?"

"तूही थांबलास ना?" वन्सं म्हणाल्या. "चल, त्या आजोबांना वर सरकवायचंय, मला एकटीला उचलत नाहीत."

साहेबांच्या खोलीत त्या दिवशी आवाज चढला, तो साहेबांचाच. संस्थेचं नुकसान केलंत, बालविभाग विसरा, उमेदवारांच्या आसपास दिसू नका. वन्सं एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आणलेली माणसं महिन्यात पळतात साहेब. ही दोघं सगळं बघून आलीत. राहतात का बघा."

ती दोघं राहिली. आणि जी गेली त्यांनी गप्प बसायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या तोंडून ती गोष्ट गावभर झाली. पुढची जाहिरात आली, बालविभाग, दिवसपाळी, घरच्यासारखं वातावरण, आणि मुलाखतीच्या दिवशी चिटपाखरू फिरकलं नाही. चहाचे कप तसेच पालथे.

तेव्हा हॉस्पिटलच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मोठ्या डॉक्टरबाई म्हणतात, त्यांनी वन्संना बोलावलं. वय झालेलं, पण बुद्धी तल्लख. वन्सं घाबरल्या होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं. नोकरी जाणार असं धरूनच गेल्या होत्या.

"जाहिरात कशी हवी तुमच्या मते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

वन्संनी तिथेच बोलून दाखवली. तिसरा मजला, वृद्धांचा वॉर्ड. काम जड आहे. पाळ्या तिन्ही, आळीपाळीने. मूळ प्रमाणपत्रं तुमच्याकडेच राहतील. दिवसा दोन सिस्टर. आधी वॉर्ड बघून जा, मग ठरवा.

"असं छापलं तर येईल कोण?"

"कमी येतील. पण आलेले राहतील."

"आणि दिवसा दोन सिस्टर, असं मी कधी म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलंत," वन्सं म्हणाल्या. "पण खोटं छापायचं नसेल तर ते खरं करावं लागेल."

डॉक्टरबाई खो खो हसल्या. लगेच काही मान्य केलं नाही. पुष्कळ घासाघीस झाली, साहेबांनी खोडे घातले. शेवटी दिवसा दोन सिस्टर झाल्या. रात्री अजून एकच आहे, आणि त्यावरून वन्संचं भांडण चालूच आहे. साहेबही आहेत. नवी जाहिरात आपल्याच डोक्यातून निघाली असं ते आता पाहुण्यांना सांगतात. वन्सं ऐकतात आणि खोटं पाडत नाहीत. "सांगू दे. सांगतोय म्हणजे पाळेल तरी."

बालविभागातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. वन्संना वाईट वाटलं. नाही वाटलं असं मी म्हणणार नाही. दोन दिवस त्या काचेपाशी गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या.

आता तर अनोळखी बायकांचे फोन येतात. कोणाकडून नंबर मिळतो देव जाणे. लांबच्या हॉस्पिटलांच्या जाहिराती वाचून दाखवतात आणि विचारतात, हे खरं असेल का हो? परवा आम्ही जेवायला बसलो होतो आणि असाच फोन आला. मुलगी कुजबुजत होती. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेली, आत बोलावणं आलेलं.

"वॉर्ड दाखवा म्हण," वन्सं म्हणाल्या. "आत जाऊन सरळ विचार. फोन बंद करू नकोस, मी आहे."

माझा नवरा काहीतरी बोलायला लागला तर त्यांनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. फोन कानाला, घास हातात. आम्ही तिघंही वाट बघत राहिलो. मग तिकडून आवाज आला, आता कुजबूज नव्हती.

"नाही म्हणतात. रुजू झाल्यावर दाखवू म्हणतात."

"मग ऊठ तिथून," वन्सं म्हणाल्या, आणि तिला आपल्या हॉस्पिटलचा पत्ता सांगायला लागल्या.