कंसातलं नाव

आमच्यात लेकीला जमीन देत न्हाईत, साडी देत्यात. कायदा काय म्हणतो ते कायद्याला ठावं. बाप गेला की सातबाऱ्यावर पोरांच्या जोडीनं पोरींचीबी नावं लागत्यात. मग एक दिवस भाऊ जीप घेऊन दारात येतो अन् म्हणतो, "आक्के, चल जरा जुन्नरला, एक सही करून येऊ." बहीण जाते, सही करते, भजी खाते, साडी घेते अन् आपल्या घरला जाते. याला हक्कसोड म्हणायचं. मी सखूबाई, आळ्याची लेक, घोडेगावाकडं दिलेली. माझ्या भावानं, गेणूनं, माझ्याकडून अशीच सही घेतली. साडी दुसऱ्या धुण्याला विरली. जमीन हाय तिथंच हाय, काळीभोर, बारमाही पाण्याची.

पण माझं रडगाणं राहू द्या. गोष्ट गेणूच्या लेकीची हाय, समृद्धीची.

गेणू गेला तवा पोरगी बारावीला व्हती अन् तिचा थोरला भाऊ पप्पू शेतीला लागला व्हता. पप्पूला टोमॅटोचं लई वेड. पण एक साल असं आलं की सगळ्या रानातली झाडं पिवळी पडून बसली. कुणी म्हणलं व्हायरस, कुणी म्हणलं बियाणं खोटं, कुणी म्हणलं नजर लागली. पोरगी बांधावर बसून त्या पानांकडं बघत राहिली अन् तिथंच तिच्या डोक्यात घुसलं, की हे का व्हतं ते शिकायचं. पुण्याला शेतीचं कॉलेज केलं. पहिली आली. मग अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं पिकांच्या रोगाचं पुढचं शिक्षण द्यायचं कबूल केलं, तेबी फी माफ करून! आमच्या सात पिढ्यांत असं कुणाचं झालं न्हाई. मी तर बाई गावभर पेढे वाटले.

आता विसा राहिला व्हता. राहण्याखाण्याची हमी म्हणून घरातल्या कर्त्या माणसाची सही लागत व्हती. कर्ता माणूस म्हणजे पप्पू.

पप्पू म्हणला, "देतो की. माझी सही घे, तुझी सही दे."

"माझी कशाला?" पोरीला खरंच कळलं न्हाई.

"अगं, तू जाणार साता समुद्रापार. उद्या मला पाइपलाइन करायची, विहीर खोदायची. दर टायमाला सातबाऱ्यावर तुझं नाव, दर टायमाला तुझी सही. मी काय इमानानं येऊ का कागद घेऊन? अन् तिकडं एखादा गोरा केलास, तर तो यायचा वाटा मागायला."

रत्ना, म्हणजे गेणूची बायको, पोरांची आई, चुलीपुढून म्हणली, "सगळ्याच बहिणी देत्यात. तू काय येगळी हायेस?"

मला त्या दिवशी मुद्दाम बोलावून घेतलं व्हतं. कशाला, तर नमुना म्हणून. पप्पू माझ्याकडं बोट करून म्हणला, "आत्याला इचार. आत्यानं हूं का चूं केलं न्हाई." खरं व्हतं ते. तवा मला बोलायचं असतं हेच ठावं नव्हतं. मी म्हणले, "पप्पू, पोरगी जाऊन तर येऊ दे, मग बघा की." तर रत्ना म्हणली, "वन्सं, आपलं झालं गेलं, आता पोरांचं पोरांना बघू द्या." म्हणजे पाव्हणीनं पाव्हणीसारखं बसावं.

समृद्धीला घाई व्हती. विशाच्या मुलाखतीची तारीख लागली व्हती मुंबईची. ती म्हणली, "आत्या, जाऊ दे गं. मला जमिनीचं काय करायचंय? दादा कसणार, खाणार. मी परत आले की त्याच्याच रानात काम करीन. दादाचं काय अन् माझं काय, एकच." अशी येडी पोर. आपल्यात भावाचं ते बहिणीचं, असं लहानपणापासून कानात ओतलेलं. बहिणीचं ते भावाचं, एवढंच त्यातलं खरं असतं.

जुन्नरला गेलो. रजिस्टर कचेरीत तिचा फोटो काढला, बोटं मशीनवर टेकवली. तिथल्या माणसानं रीतीप्रमाणं विचारलं, "राजीखुशीनं देताय ना?" ती हसून म्हणली, "हो." पप्पूनं बाहेर येऊन भजी सांगितली. हिरवी साडी पिशवीतून काढून तिच्या मांडीवर ठेवली. पोरीनं ती गालाला लावली अन् म्हणली, "दादा, ही मी विद्यापीठात पहिल्या दिवशी नेसणार." पप्पूनं त्याच बाकड्यावर तिच्या हमीच्या कागदावर सही ठोकली. देणं-घेणं फिटलं.

आता पुढचं ऐका. पुण्यात ऋषी सर म्हणून एक जण विशाचं काम बघायचा. त्यानं पोरीला पढवलं व्हतं, की विसा देणाऱ्या साहेबाला एकच भीती असते. शिकायला म्हणून आलेली तिकडंच राहील, ही. म्हणून त्याला पटवायचं, की माझं इकडं घर हाय, जमीन हाय, मी परत येणार. जमिनीचे कागद असले तर घेऊन जा. हक्कसोडीचं त्याला कुणी बोललं न्हाई. त्यात बोलण्यासारखं काय, असंच सगळ्यांना वाटलं. सही करणं म्हणजे हळदीकुंकवाला जाण्यासारखंच की आमच्यात!

पप्पूनं आपल्या हातानं नवा कोरा सातबारा काढून आणला. "हा दाखव. एवढं रान बघून साहेब खुर्चीवरनं उठंल." पोरगी लई खूश. दादानं आपल्यासाठी धावपळ केली म्हणून तिनं त्याला मिठीच मारली.

मुंबईला पप्पूच घेऊन गेला तिला. मी आळ्यालाच व्हते. रत्ना अन् मी चकलीची भाजणी भाजत बसलो व्हतो, पोरीला अमेरिकेला न्यायला. तिकडं मिळते का न मिळते. धने भाजले, जिरं भाजलं, सगळ्या घराला वास सुटला. दिवस मावळायला गाडी आली. पप्पू पुढं आला, चप्पल भिरकावली अन् म्हणला, "झालं वाटोळं. साहेबानं हाकलली."

समृद्धी मागून आली. रडत नव्हती. ओट्यावर बसली. मी पाणी दिलं. मग तिनं सांगितलं.

काचेपलीकडं साहेब बसला व्हता. बोलायला चांगला व्हता, हसरा. त्यानं विचारलं, काय शिकणार? तिनं टोमॅटोचं सांगितलं, रानाचं सांगितलं. त्याला आवडलं. मग म्हणला, शिकून झाल्यावर परत का जाशील?

ती म्हणली, "माझं घर हाय तिथं. आमची शेती हाय." अन् सातबारा काचेखालनं सरकवला.

कागद मराठीत. साहेबाला ओ का ठो कळंना. त्यानं बोट फिरवत विचारलं, "यात तुझं नाव कुठलं?"

आता सातबाऱ्यावरनं नाव काढलं की ते पुसत न्हाईत, राव. त्याला कंस घालत्यात. म्हणजे ही बाई व्हती, आता न्हाई. माझ्या नावालाबी असाच कंस हाय. पोरीनं आपल्या नावावर बोट ठेवलं.

"याच्याभोवती ही खूण कसली?"

"ते मी भावाला सोडलं."

"कधी?"

"गेल्या महिन्यात."

"का?"

अन् पोरीनं जे खरं व्हतं ते सांगितलं. म्हणली, "मी अमेरिकेला चालले म्हणून."

साहेबानं सातबारा बाजूला सारला. मग पासपोर्ट परत सरकवला, वर एक छापील कागद. परत येण्यासारखं तुझं मायदेशी काही हाय, हे पटत न्हाई, असं त्यात व्हतं.

"तुला कुणी सांगितलं व्हतं बोट दाखवायला?" पप्पू तिच्यावर ओरडला. "माझ्या नावावर ठेवायचं बोट! त्या गोऱ्याला काय कळत व्हतं? एवढी शिकलीस अन् एवढी अक्कल न्हाई?"

"मला खोटं बोलता आलं न्हाई, दादा."

"मग बस आता खरं घेऊन!"

रत्ना कपाळाला हात लावून म्हणली, "सगळ्या गावाला सांगून बसलो. आता लोकं शेण घालतील तोंडात." पोरीच्या पाठीवरनं हात फिरवावा, हे तिच्या मनातबी आलं न्हाई. भाजणी करपल्याचा वास आला तशी ती उठून आत पळाली.

मला लई राग आला. तेलबी गेलं, तूपबी गेलं, पोरीच्या हाती धुपाटणं आलं, अन् वर बोलणी तिनंच खायची! पण मी काय बोलणार? पाव्हणीच ती.

राखीपुनवेला परत आळ्याला गेले. गेणू न्हाई आता, पण भाच्याला राखी बांधायची माझी रीत हाय. समृद्धीनं ताट केलं व्हतं. नारळीभात रत्नानं केला व्हता. पोरगी वाळली व्हती, पण डोळ्यांत काहीतरी उजेड व्हता. ऋषी सरांनी तिला सांगितलं व्हतं, की काही बदललं असेल तर परत अर्ज करता येतो. विद्यापीठानं जानेवारीपर्यंत जागा राखून ठेवली व्हती.

तिनं पप्पूला ओवाळलं, राखी बांधली. पप्पूनं खिशात हात घातला तशी ती म्हणली, "दादा, ओवाळणी नको. माझं नाव परत लाव. थोडंसं, एका बांधापुरतं. विसा मिळाला की लगेच परत सही करते. आत्ताच लिहून देते, पायजे तर आत्याला साक्षीला घे."

पप्पू हसला. हसला, राव! "परत लावायचं म्हणजे मी तुला बक्षीसपत्र करून द्यायचं. अख्ख्या आळ्यात बहिणीला जमीन देणारा मीच पहिला व्हय? लोकं काय म्हणतील, बायकोच्या धाकात न्हाई तर बहिणीच्या धाकात हाय?"

"दादा, तुझ्यामुळंच गेला ना विसा."

"माझ्यामुळं? सही तू केलीस. राजीखुशीनं केलीस. मशीनमध्ये बोटं तुझी हायेत."

पोरीनं आईकडं बघितलं. ताटातला दिवा अजून जळत व्हता, तिच्या हातातच व्हता. रत्ना नारळीभात वाढत व्हती. वाढता वाढता, मान वर न करता, अगदी गोडीनं म्हणली, "पप्पू, देवानंच बुद्धी दिली बाबा तुला, सही आधी घ्यायची. आता ही हितंच राहिली. सही नसती घेतली तर उद्या वाटा मागत बसली असती."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "रत्ने, आई हायेस का वैरीण?" मी म्हणले.

"वन्सं, तुमी बोलू नका," रत्ना म्हणली. "तुमी दिलीच की मुकाट. तुमचं काय वाईट झालं?"

मी नारळीभाताचं ताट पुढं सारलं.

समृद्धीनं दिवा देवापुढं ठेवला. आत गेली. बाहेर आली तवा अंगावर ती हिरवी साडी व्हती, विद्यापीठात पहिल्या दिवशी नेसायची. हातात कपड्यांची पिशवी.

"चल आत्या," ती म्हणली. "तुझी घोडेगावची गाडी चुकंल."

"अगं, तू कुठं निघालीस? सणाचा दिवस हाय!" रत्ना म्हणली.

"आई, सण झाला. पाव्हण्या निघाल्या."

मला वाटलं, आता तरी पप्पू उठंल. हाताला धरंल. काय झालं तरी सख्खी बहीण, एकाच ताटात जेवलेली. पप्पू उठला. ओट्यापर्यंत आला, दाराच्या चौकटीला टेकला अन् दात कोरत म्हणला, "भाऊबिजेला ये बरं का."

गेणूनं मला त्याच ओट्यावरनं हेच सांगितलं व्हतं.